समुद्रफुलांची खुरपणी

आमच्या बडोद्यास समुद्र नाही. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत, आणि सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयात देवमाशाचा एक अवाढव्य सांगाडा आहे. समुद्राशी आमचा बालपणीचा परिचय एवढ्यावरच थांबतो. पुढे नोकरीच्या निमित्ताने जामनगरास दोन वर्षे काढली, तेव्हा एकदा पिरोटन बेटावर जाण्याचा योग आला. कच्छच्या आखातातील तो भाग १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेला. ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालताना वाटाड्याने एका खडकाकडे बोट दाखविले. शेवंतीसारख्या पाकळ्यांचे एक तपकिरी फूल पाण्यात डुलत होते. आम्ही वाकून बोट लावणार तोच ते आपल्याच देठात गडप झाले. हे फूल नव्हे, प्राणी आहे, असे त्याने सांगितले आणि आम्ही ते त्याच दिवशी विसरलो. या फुलाच्या भाऊबंदांशी सत्तरी ओलांडल्यावर आमचे हाडवैर जडेल, असे तेव्हा कोणी म्हणाले असते तर आम्ही हसलो असतो.

२०२३ सालच्या एप्रिलात आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीस गेलो. मुक्काम सहा महिन्यांचा. परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांचे दिवस कसे जातात, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक असेल. सकाळी नऊला घर रिकामे होते आणि दुपार अंगावर येते. सौभाग्यवतीने आल्या दिवशीच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आम्हास सवय बागकामाची. परंतु मुलाच्या घरापुढे नुसता हिरवळीचा चौकोन, आणि तोही कापावयास दर आठवड्यास माणूस येई. बागेची हौस मुलाने दिवाणखान्यात भागविली होती. तेथे एक काचेची टाकी होती. साडेचारशे लिटर पाणी, लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने मीठ, वर निळसर दिवे, लाटा उठविणारे पंप, आणि खडकांवर वाढविलेली जिवंत प्रवाळे. आपल्याकडे २००१ च्या जुलैपासून प्रवाळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीस जाऊन बसली आहेत. ती घरात बाळगण्याचा प्रश्नच नाही. तिकडे मात्र घरच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा तोडून एकमेकांस देण्याची रीत आहे, आपण गुलाबाची फांदी देतो तशी.

त्या टाकीतली सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे झोअँथिड जातीचा एक गालिचा. हिरव्या वर्तुळात केशरी ठिपका असलेली, सदऱ्याच्या गुंडीएवढी शेकडो मुखे. नातवाच्या जन्माच्या वर्षी मुलाने चार मुखांचा तुकडा आणला होता. नातू आता अकरा वर्षांचा. दोघे बरोबरीनेच वाढले. मधे दोनदा घर बदलले तेव्हा सामानाचा ट्रक पुढे धाडून हा खडक मोटारीतून बादलीत नेला, आणि बादली मांडीवर धरण्याची कामगिरी आपल्याकडे होती, असे सूनबाई थोड्या कौतुकाने व बऱ्याचशा त्राग्याने सांगतात.

आम्ही पोहोचून पंधरवडा झाला असेल. नातवाने टाकीच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखविले. "आजोबा, हे बघ नारळाचं झाड!" खरोखरच इंचभर उंचीचे, काचेसारखे पारदर्शक तपकिरी खोड आणि वर लांब स्पर्शिकांचा झुबका. आम्हास पिरोटनची आठवण झाली व आनंदही झाला. मुलाने मात्र ते पाहताच कपाळास हात लावला. आयप्टेशिया, तो म्हणाला. नव्या आणलेल्या एखाद्या तुकड्याच्या बुडाशी मोहरीएवढे चिकटून आले असावे.

या समुद्रपुष्पाचे शास्त्र मुलाने आम्हास रात्री जेवताना सांगितले. त्याच्या शरीरात, प्रवाळांच्या शरीरात असतात तशीच, सूक्ष्म शैवले वस्तीस असतात. ती उजेडावर साखर तयार करून घरमालकास पोसतात. तपकिरी रंगही त्यांचाच. शिवाय स्पर्शिकांवर दंशपेशी असल्याने जवळून जाणारा बारीकसारीक जीव टिपता येतो, आणि शेजारच्या प्रवाळास भाजूनही काढता येते. खाणे मिळाले तर खावे, न मिळाले तर दिव्यावर भागवावे, असा हा प्राणी. प्रवाळ व शैवल यांचे सहजीवन अभ्यासण्यास सोयीचा म्हणून प्रयोगशाळांतून त्याला मुद्दाम पाळतात; २०१५ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. एका घरी ज्याची आरती, त्याचीच दुसऱ्या घरी कीड.

"बाबा, त्याला हात लावू नका. शनिवारी बघतो मी," मुलगा म्हणाला. आम्ही मान डोलावली.

पण चाळीस वर्षे अंगणातले गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटीत आलेल्या माणसास समोर तण दिसत असता शनिवारपर्यंत धीर कोठून निघणार? बुधवारी दुपारी सौभाग्यवती आडवी झाल्यावर आम्ही बाही कोपराच्या वर सारली आणि पावास लोणी लावावयाच्या सुरीने ते झाड खडकावरून खरवडून काढले. दोनदा ते बिळात शिरले, दोनदा आम्ही वाट पाहिली. तिसऱ्यांदा ते तुटले. काही धागे, काही चिंध्या पाण्यात तरंगल्या, पंपाच्या लाटेबरोबर इकडेतिकडे गेल्या. एक कबूल केले पाहिजे, त्या दुपारी आम्हास तिकडे गेल्यापासून प्रथमच आपण काहीतरी केले असे वाटले. मुलास आम्ही काही सांगितले नाही. शनिवारी त्याने कोपऱ्यात पाहिले, झाड नव्हते. खडकाच्या आत गेले असेल, असे तो म्हणाला. आम्ही तेव्हाही बोललो नाही.

आयप्टेशियास बी लागत नाही, मुळी लागत नाही. त्याचा तळवाच पुरेसा असतो. खडकावरून सरकताना ते स्वतःहून तळव्याचे कण मागे टाकते व प्रत्येक कणातून नवे झाड उभे राहते. आम्ही तर सुरीने त्याचे कण पाडून साऱ्या टाकीभर पेरून ठेवले होते. जूनच्या अखेरीस नातवाने मोजली. सत्तेचाळीस भरली. खडकावर, पंपाच्या जाळीवर, काचेच्या सांध्यात, आणि गालिच्याच्या डाव्या कडेस तर ओळीने. तिकडची मुखे आधी मिटली, मग मिटलेलीच राहिली, मग तळहाताएवढा भाग वितळून पांढरा पडला. अकरा वर्षांचे प्रवाळ, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचा पाव हिस्सा गेला.

तेव्हा एका रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही सुरीची हकीकत सांगितली. मुलगा ऐकत होता. "असू द्या बाबा," एवढेच म्हणाला, आणि उठून आपले ताट विसळावयास गेला. रागावला असता तर बरे झाले असते. लहानपणी त्याने आमच्या गुलाबाचे डोळे कात्रीने छाटले होते, तेव्हा आम्ही त्यास काय म्हणालो होतो ते आम्हास त्या रात्री आठवले. "असू दे" म्हणालो नव्हतो.

त्यानंतर उपाय सुरू झाले. मुलगा एका डब्यातून पांढरी भुकटी काढी, थोड्या पाण्यात दाट कालवी, आणि बोथट सुईच्या पिचकारीने एकेका समुद्रफुलाच्या मुखात सोडी. त्या औषधास तो काहीतरी जर्मन नाव घेत असे, काल्कवासर. सौभाग्यवतीने बोट बुडवून पाहिले. "अहो, हा तर चुना! पाणी वाढवलंत तर चुन्याची निवळी." बाळपणी आपल्या घरोघरी अशक्त मुलास दुधातून जी निवळी पाजत, तीच ही. मोठी झाडे त्या चुन्याने विरघळत हे खरे. पण कपारीतली हाती लागत नसत, आणि एका रात्रीत फार चुना घालावा तर पाण्याची अल्कता चढून चांगली प्रवाळे आजारी पडत. लिंबाचा रसही करून पाहिला. रोज आठदहा मारावीत आणि आठवड्याने मोजावीत तर पुन्हा तितकीच.

"आता शिकारीच आणायला हवेत," मुलगा एका रविवारी म्हणाला. आम्हास आपल्याकडचा मेक्सिकन भुंगेरा आठवला. गाजरगवत खाण्यासाठी १९८४ साली तो बंगळुरास आणून सोडला गेला. गवत त्याने पुष्कळ खाल्ले; मग काही वर्षांनी तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसू लागला तेव्हा मोठी ओरड झाली. पाहुण्यास बोलावण्यापूर्वी तो आणखी काय काय खातो याची चौकशी करावी, असे आम्ही म्हणालो. अपराध्याने सल्ला देणे शोभत नाही, पण जन्माची खोड जात नाही.

प्रथम आल्या पेपरमिंट कोळंब्या. पेपरमिंटच्या गोळीवर असतात तशा लाल रेघा, लांबी दीडदोन इंच, दिवसा कपारीत, रात्री बाहेर. त्या आयप्टेशिया खातात हे २००४ साली फ्लोरिडातील अभ्यासकांनी प्रयोगाने दाखवून दिले होते. दुकानदाराने तीन दिल्या. त्यांपैकी दोघी, पुढे कळले, पेपरमिंट नव्हत्याच. पाठीला कुबड आणि लाल रेघांमध्ये पांढऱ्या रेघा असलेली उंट कोळंबी म्हणून दुसरी जात असते, ती समुद्रफुलास शिवत नाही आणि झोअँथिडची मुखे मात्र कुरतडते. आधीच भाजलेल्या गालिच्यास या दोघी आणखी चावल्या. बाटलीचा सापळा करून त्यांना पकडण्यात चार रात्री गेल्या. तिसरी अस्सल निघाली. तिने पहिल्या आठवड्यात बारीक झाडांचा चांगला फडशा पाडला. मग माशांना टाकलेले आयते खाणे तळाशी येते हे तिच्या ध्यानात आले आणि शिकार बंद झाली. आम्ही तिला दोष देत नाही.

दुसरा आला तो मासा. इंग्रजीत त्यास कॉपरबँड बटरफ्लाय म्हणतात. पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टे, पाठीच्या परावर डोळ्यासारखा काळा ठिपका, आणि चिमट्यासारखी लांब चोच, जी कपारीतल्या समुद्रफुलासाठीच घडविली असावी असे वाटे. इतका देखणा जीव आम्ही पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी त्याने दोन झाडे चोचीने उपटली आणि घरात टाळ्या झाल्या. त्यानंतर त्याने काही खाल्ले नाही. हे मासे समुद्रातून पकडून आणतात, प्रवासात खंगतात, आणि पुष्कळदा टाकीत अन्नास तोंड लावीत नाहीत. मुलाने बारीक शिंपले उघडून दिले, जिवंत किडे दिले. अकराव्या दिवशी सकाळी तो पंपाच्या जाळीला टेकून होता. नातू त्या दिवशी शाळेत गेला नाही. उन्हाळी सुटीच होती म्हणा. पण तो पोहावयासही गेला नाही. त्या माशाचा हिशेबही आम्ही आमच्याच खात्यावर मांडला.

ऑगस्टच्या आरंभी टपालाने एक लहानशी प्लॅस्टिकची बरणी आली. आत पाणी आणि पाण्यात, नीट पाहिले तर, बोटाच्या नखाहून लहान अशा बारा पांढुरक्या गोगलगायी. शंख नाही, पाठीवर मऊ काट्यांचे दोन झुबके. या बर्घिया. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील बेटांच्या उथळ पाण्यातल्या या जातीचे शास्त्रीय नामकरण २००५ साली झाले. बर्घिया आयप्टेशियाखेरीज काहीही खात नाही. प्रवाळ नाही, शेवाळ नाही, माशांचे आयते खाणे नाही. शत्रूच्या दंशपेशी ती न फुटू देता गिळते आणि आपल्या पाठीवरच्या काट्यांच्या टोकांत नेऊन साठविते. त्यांची विषारी नांगी मग हिचे संरक्षण करते. सौभाग्यवती म्हणाली, "म्हणजे सासरचे सोने माहेरी." आम्हास उपमा तितकीशी पटली नाही, पण विसरताही आली नाही.

त्यांच्यासाठी घर तयार करावे लागले. गोगलगायी टिपणारा सहा रेघांचा एक चपळ मासा मुलाने मित्राच्या टाकीत नेऊन दिला. कोळंबीस वेगळ्या डब्यात हलविले. पंपांच्या तोंडांना स्पंज बांधले. मग दिवे मालवून त्या बारा जणी एका मोठ्या आयप्टेशियाजवळ सोडल्या, आणि त्या खडकात शिरून दिसेनाशा झाल्या.

तीन आठवडे काहीच घडले नाही. झाडे तेवढीच. मुलगा म्हणे, धीर धरा, या रात्री निघतात. आम्हास तशीही तिकडे झोप येत नसे. विजेरीच्या काचेस लाल कागद लावून आम्ही मध्यरात्रीनंतर टाकीपुढे खुर्ची टाकून बसू लागलो. चौथ्या-पाचव्या रात्री जिन्यावर पावले वाजली. मुलगाही न झोपता उतरला होता. त्याने दुसरी खुर्ची ओढली. त्यानंतर बहुतेक रात्री आम्ही दोघे तेथे असू. बोलणे फारसे नसे. कधी बडोद्याच्या घराचे काय करावयाचे हा विषय निघे, आणि तसाच बुडे. एकदा त्याने विचारले, "तुमचे ते गुलाब अजून आहेत?" दोन आहेत, आम्ही म्हणालो.

एका रात्री लाल उजेडात ती दिसली. एक मोठी बर्घिया झाडाच्या खोडापाशी आली. झाडाने पांढरे दंशधागे बाहेर फेकले. ती मागे सरली, पाठीवरचे काटे उभे राहिले. थोडे थांबून पुन्हा आली. मग दुसरी आली. दोघी खोडास लागल्या आणि वरचा झुबका हळूहळू आक्रसत गेला. अर्ध्या तासाने तेथे एक बुळबुळीत गाठ उरली होती, ती आणखी थोड्या वेळाने गेली. तिने तळवा सोडला नाही, कण सोडला नाही. आम्ही सुरीने जे केले आणि तिने तोंडाने जे केले त्यातला फरक हाच. मुलाने आमच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

पुढे काचेवर पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी दिसू लागली, अगदी चकलीसारखी. ती त्यांची अंडी. बाराएक दिवसांत फुटतात. बाराच्या किती झाल्या ते कोणास मोजता आले नाही. सप्टेंबरच्या मध्यास नातवाच्या मोजणीत वीस झाडे उरली, मग सात, आणि महिनाअखेरीस शून्य. गालिच्याच्या पांढऱ्या पडलेल्या कडेस नखाच्या टोकाएवढी तीन नवी मुखे उघडली होती. त्या संध्याकाळी सूनबाईंनी श्रीखंड केले.

जेवताना नातवाने विचारले, "पण आता त्या काय खाणार?"

कोणी लगेच उत्तर दिले नाही. उत्तर सरळ होते. दुसरे काही त्या खाऊच शकत नाहीत. काम संपले की उपाशी मरतात. आम्हास आमचे आजोबा आठवले. पुण्याहून त्यांना बडोद्यास हुजूर कचेरीतील कारकुनीसाठी आणले होते. आयुष्यभर तेथली मोडी दप्तरे लावली. दुसरे काही त्यांना येत नव्हते, येण्याची गरजही नव्हती. १९४९ च्या १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. निवृत्तिवेतन सुरू झाले, उपाशी कोणी राहिले नाही. पण वडील सांगत की त्यानंतर कित्येक महिने आजोबा दहाच्या ठोक्यास पागोटे चढवून ओसरीवर बसत, आणि पाचला उतरवून खुंटीला लावीत. आम्ही हे त्या टेबलावर बोललो नाही. फक्त म्हणालो, त्यांना मरू देऊ नये.

तिकडच्या टाकीवाल्यांत बर्घिया हातोहात फिरविण्याची चाल आहे. एकाची शेती संपली की दुसऱ्याच्या दारी. परंतु त्या आठवड्यात ओळखीपाळखीत कोणाकडे आयप्टेशिया माजलेले नव्हते. पहिल्यांदाच आम्हास तिचा दुष्काळ वाटला. तेव्हा मुलाने टाकीखालच्या गाळणीच्या कप्प्यात शोध केला. तेथे अंधुक उजेडात गाळणीच्या नळीला चार झाडे चिकटलेली सापडली. ती त्याने लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत खाऱ्या पाण्यात ठेवली आणि बरणी खिडकीत, उन्हात मांडली. शेजारी दुसऱ्या बरणीत गोळा केलेल्या गोगलगायी. चार झाडे त्यांना दोन दिवसही पुरणार नव्हती. आधी झाडे वाढवावयास हवी होती, आणि लवकर.

मुलाने खणातून नवे पाते काढले, कागद सोलला आणि आमच्यापुढे धरले. "बाबा, हे तुम्ही करा. हे तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही."

सौभाग्यवती मोठ्याने हसली. आम्ही चष्मा लावला, बाही वर सारली, आणि चारही झाडांचे तळवे अगदी बारीक, एकसारखे, पानात घालण्याच्या सुपारीसारखे कातरले. नातू शेजारी उभा राहून मोजत होता. एकतीस झाले.